मे महिन्यातली थंडी

आमच्या फ्रीजरमध्ये डाव्या हाताला वीतभर जागा आहे, तिथे आम्ही काही ठेवत नाही. बर्फाचे ट्रे उजवीकडे, मटार उजवीकडे, कोंबाकोंबी झाली तरी सगळं उजवीकडेच. मध्ये मावसबहीण आली होती, ती आइस्क्रीमचा डबा तिथे सरकवायला गेली. आप्पा आणि मी एकदमच म्हणालो, "तिथं नको." तिने का म्हणून विचारलं, तेव्हा मी डबा तिच्या हातातून घेऊन उजवीकडे कोंबला. आप्पा म्हणजे माझे वडील. घरात आता आम्ही दोघंच असतो.

त्या जागेत एका उन्हाळ्यात आमच्या कुत्र्याच्या हाडातली गाठ ठेवलेली होती. हाडाचा कॅन्सर होता, म्हणून त्याचा पाय कापावा लागला. कापलेल्या पायातून डॉक्टरीणबाईंनी त्या गाठीचे तुकडे काढून माझ्या हातात दिले होते. त्यांच्यापासून त्याच्यासाठी लस बनणार होती. ती बनली नाही.

मी गणिताची बाई. इथे बऱ्हाणपुरात, शनवाऱ्याजवळच्या मुलींच्या शाळेत उभी हयात काढली. मुली माझ्या पाठीमागे मला मिरची मॅडम म्हणतात, आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. लग्न केलं नाही. केलं असतं तर त्या माणसाची आपल्याला दया आली असती, असं आई म्हणायची. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नव्हता असं लिहिणार होते, पण आजही नाही. तरी काही गोष्टी घरात राहून जातात आणि त्यांना काय म्हणायचं ते मला कळत नाही.

कुत्रा खकनारकडचा. तिथे माझ्या मावसभावाची केळीची बाग आहे, रानडुकरं हाकलायला त्याने एक दांडगी कुत्री पाळली होती, तिचं हे पिल्लू. आईने पिशवीत घालून आणलं. थोड्याच दिवसांत पिशवी पुरेना आणि मग घरापुढचा ओटाही पुरेना, इतका वाढला. रंगाने काळा, छातीवर पांढरा डाग. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते नाव घेतलं की मला अजून दाराकडे बघावंसं वाटतं.

आई त्याला तूप लावून पोळी द्यायची, मी दोघांवर रागवायची, आणि आप्पा त्याला पहाटे तापीकाठी राजघाटावर फिरायला न्यायचे. आप्पा कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मागावरच्या कामगारांचे मुकादम होते. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, पण निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला डोळे आपोआप उघडतात. भोंगा कधीच बंद पडला. उठून करायचं काय, हा प्रश्न कुत्र्याने सोडवला होता.

मग आईला कॅन्सर झाला. पोटाचा. इंदूरला खेपा, सलाईनमधून ती औषधं, परत आल्यावर उलट्या, पुन्हा खेप. ती गेली, आणि अस्थी आम्ही राजघाटावर तापीत सोडल्या. तापीच्या पाण्यात हाडं विरघळतात असं आमच्याकडे मानतात. दुसऱ्या नद्यांसारखी ती तळाशी पडून राहत नाहीत म्हणे. मुलींनी विचारलं तर मी सांगते की असं काही नसतं. त्या दिवशी मात्र मी पायरीवर उभी राहून पाण्याकडे बघत होते, आणि मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

आई गेल्यावर आप्पा घरात फक्त कुत्र्याशी बोलायचे. मला काही सांगायचं असलं तरी त्यालाच सांगायचे. "तुह्या मॅडमले सांग, चहात साखर नाही." मीही कुत्र्याला सांगायची, "आप्पांना सांग, डॉक्टरांनी तेवढीच सांगितली आहे." तो एकदा त्यांच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. लोकांना हे विचित्र वाटायचं, पण आमचं बरं चाललं होतं. तो नसता तर आम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललो नसतो, आणि हे आम्हा दोघांनाही समजत होतं.

होळीच्या सुमारास तो लंगडायला लागला. मागचा उजवा पाय. मुरगळला असेल म्हणून इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. लंगडणं गेलं नाही, गुडघ्याच्या वर सूज आली, आणि हात लावला की तो माझ्या मनगटाला दात टेकवायचा. चावायचा नाही, नुसते टेकवायचा. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी फिल्म दोनदा उजेडाकडे धरून बघितली. मग म्हणाले, इंदूरला दाखवा. हे वाक्य आमच्या घरात आधी एकदा ऐकलेलं होतं.

इंदूरची डॉक्टरीण तरुण होती, स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, पाय ठेवला तर वेदना थांबणार नाहीत, पाय काढलाच पाहिजे. आणि पाय काढून भागत नाही, कारण या रोगाच्या बारीक पेशी तोवर बहुतेक वेळा रक्तातून फुप्फुसात जाऊन बसलेल्या असतात. त्या दिसत नाहीत. काही महिन्यांनी दिसायला लागतात. त्यांच्यासाठी सलाईनमधलं औषध होतंच. त्याशिवाय आणखी एक उपाय होता, नवा, अजून कच्चा. त्याच्याच गाठीच्या पेशी मारून त्यांची लस करायची आणि ती त्याला टोचायची, म्हणजे त्याचं शरीर त्या पेशी ओळखायला शिकतं आणि फुप्फुसात दडलेल्यांना स्वतःच शोधून मारतं. दक्षिणेतल्या एका शहरात एक लॅब हे करून बघत होती.

"गॅरंटी नहीं है," ती म्हणाली. "कुछ डॉग्ज़ में काम करता है, कुछ में बिल्कुल नहीं. पर चांस लेना हो तो ट्यूमर फ्रेश चाहिए. एक ही बार मिलेगा."

आप्पा तिथेच खाली फरशीवर बसले होते, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन. मला वाटलं, त्यांना काही ऐकू आलं नसावं. मी त्यांच्या वतीनेही हो म्हणून टाकलं.

तिच्याकडे डीप फ्रीजर नव्हता, आणि लॅबला आधी तपासणीचा रिपोर्ट हवा होता. तो यायला वेळ लागणार होता. तोपर्यंत गाठ घरीच बर्फात ठेवा, लॅबने सांगितलं की पाठवा, असं ठरलं. जाताना चार पायांवर गेलेला कुत्रा तीन पायांवर परत आला, आणि माझ्या पायाशी थर्माकोलचं खोकं होतं. असीरगडच्या घाटात गाडी वळली की खोक्यातला बर्फ हलायचा आणि त्याचा आवाज ऐकून तो कान टवकारायचा. मी खोकं दोन्ही पायांनी घट्ट धरून ठेवलं.

घरी आल्यावर प्रश्न पडला. फ्रीजमध्ये दूध, दही, देवासाठी आणलेले पेढे. त्यात जनावराचं मांस ठेवायचं म्हणजे आई असती तर तिने फ्रीजच रस्त्यावर काढला असता. मी खोक्यातली गाठीची बरणी फडक्यात गुंडाळली आणि आईच्याच एका स्टीलच्या डब्यात घातली. तिचं नाव कोरलेला, फराळाचा डबा. घट्ट झाकणाचा तेवढा एकच होता. फ्रीजरमध्ये डाव्या हाताला तो ठेवला आणि आप्पांना कानाजवळ जाऊन, ओरडून सांगितलं, "याच्यापासून त्याचं औषध बनणार आहे. हात लावू नका." त्यांनी नुसती मान हलवली.

मे महिना होता. बऱ्हाणपुरात मे महिन्यात काय होतं ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. नळाला चटका बसणारं पाणी, कूलरमधून वाफ, दुपारी कावळासुद्धा बोलत नाही. अशा दुपारी आमचा कुत्रा कुडकुडत होता.

मला आधी वाटलं, उन्हाने धाप लागली असेल. जवळ जाऊन बघितलं तर त्याच्या पाठीवरची कातडी शहारत होती आणि दात एकमेकांवर वाजत होते. ताप नव्हता. जखम कोरडी होती. तो डोकं वळवून, जिथे पाय होता तिथली मोकळी हवा चाटायचा. मग टाक्यांपाशी नाक नेऊन थांबायचा, आणि पुन्हा कुडकुडायचा. मी कूलर बंद केला. घामाने माझी साडी पाठीला चिकटली होती, आप्पांच्या कपाळावरून धार लागली होती, आणि मध्ये हे एवढं दांडगं जनावर पौषातल्यासारखं थरथरत होतं. आप्पांनी कपाट उघडून आईची शाल काढली आणि त्याच्या अंगावर घातली. तिचा काही उपयोग झाला नाही.

"तुह्या मॅडमले सांग," आप्पा त्याला म्हणाले, "पाय बर्फात ठेवला त थंडी वाजणारच."

मी म्हणाले, "पाय नाही तो. गाठ आहे. आणि कापलेल्या मांसाला थंडी वाजत नाही."

मग त्यांनी गिरणीतली गोष्ट सांगितली. त्यांच्या खात्यात एका माणसाचं बोट पट्ट्यात सापडून तुटलं. कोणीतरी गडबडीत ते बोट बॉयलरच्या आगीत टाकलं. तो माणूस नंतर जन्मभर म्हणायचा, बोट जळून ऱ्हायलं. नसलेलं बोट तो पाण्याच्या गुंडीत बुडवून बसायचा. ही गोष्ट आप्पांनी कुत्र्याला सांगितली, मला नाही, त्यामुळे मला मधे बोलता आलं नाही.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुटलेल्या नसा मेंदूला खोटे निरोप पाठवतात, माणसांतही होतं हे. त्यांनी नसांवरची गोळी लिहून दिली. शनवाऱ्याच्या दुकानात ती माणसांसाठीची मिळाली, तीच त्याला दुसऱ्या दिवशी दुपारपासून सुरू केली. संध्याकाळपर्यंत थरथर उतरली आणि त्या रात्री तो पाय पसरून, म्हणजे होते तेवढे पसरून, झोपला. मी आप्पांना जरा मिरवूनच सांगितलं, "बघा, गोळीनं थांबलं." ते त्याच्या अंगावरची शाल सारखी करत राहिले. नंतरचे दोन-तीन दिवस मी खुशीत होते.

मग लॅबमधून एका मुलीचा फोन आला. रिपोर्ट मिळाला आहे, आम्हाला हवा तोच प्रकार आहे, सॅम्पल पाठवा. खोकं कसं बांधायचं तेही तिने नीट समजावून सांगितलं. मी फोन कानाला धरूनच फ्रीजर उघडला.

डावी बाजू रिकामी होती. आधी मी मटाराच्या पिशव्या हलवल्या, मग सगळंच बाहेर काढलं. ती मुलगी "मैडम? मैडम?" म्हणत होती. मागे वळले तर भांड्यांच्या जाळीत अगदी मागे आईचा डबा धुऊन पालथा घातलेला दिसला, झाकण शेजारी उभं केलेलं.

आप्पा ओट्यावर बसले होते, कुत्रा त्यांच्या पायाशी.

"डब्यातलं कुठे आहे?" मी विचारलं.

"तापीमायले दिलं," ते कुत्र्याला म्हणाले.

"कधी?"

"तो कुडकुडत व्हता त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळीच." आणि मग अगदी शांतपणे त्यांनी सांगितलं, कोऱ्या पांढऱ्या कापडात बांधलं, हळद लावली, अक्षता टाकल्या, ज्या पायरीवरून आईच्या अस्थी सोडल्या होत्या तिथूनच सोडलं. "हाडं इरघळतात तिथं. बिमारी बी इरघळीन."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या एवढं आठवतं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हमारे पास टेस्ट वाला जो टुकड़ा है वो फॉर्मलिन में है, उससे नहीं बनेगी. दुबारा नहीं मिलेगा, मैडम." त्यांनी आप्पांना नावं ठेवली नाहीत. ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दुपारी मी राजघाटावर गेले. कशाला गेले ते विचारू नये. पाणी खाली गेलेलं, पायऱ्या तापलेल्या, दोन म्हशी डुंबत होत्या. त्या पायरीखाली पाण्यात मला पांढरं कापड दिसलं. मी चप्पल काढून उतरले, पाय भाजले, पाण्यात हात घालून गाठोडं ओढून काढलं. आत नारळ होता, कुणाच्या तरी नवसाचा. मी तो परत सोडला आणि तिथेच बसून रडले. कुत्र्यासाठी रडत होते की आणखी कशासाठी, ते तेव्हा मला वेगळं करून सांगता आलं नसतं.

गोळी दुपारी सुरू झाली आणि विसर्जन त्याच दिवशी सकाळी झालं होतं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी. थरथर गोळीने थांबली, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे आणि ते बरोबरच आहे. तरी गोळी देण्याआधी, त्या दिवशी शाळेत पेपर तपासायला निघाले तेव्हा, तो ओट्यावर स्वस्थ बसला होता की कुडकुडत होता, हे मला काही केल्या आठवत नाही.

नातेवाइकांना मी सांगितलं, म्हातारं माणूस, त्यांना समजलं नाही. तेच मी स्वतःलाही सांगितलं, कारण त्याच विचारावर त्यांच्याबरोबर एका घरात राहणं शक्य होतं. सलाईनच्या औषधासाठी इंदूरच्या खेपा सुरू झाल्या. कुत्रा तीन पायांना लवकर सरावला. पावसाळ्यात तर तो घाटावर आप्पांच्या पुढे पळायचा. फक्त एक गोष्ट त्याला शेवटपर्यंत जमली नाही. उजव्या कानाला खाज सुटली की तो नेहमीसारखा बसायचा, मान तिरकी करायचा, आणि नसलेल्या पायाने कान खाजवायला लागायचा. मांडीचा उरलेला गोळा हवेत जोरजोरात हलायचा. कानापर्यंत काही पोचायचं नाही. तो थांबून आश्चर्याने बघायचा आणि पुन्हा सुरू करायचा. मला ते बघवत नसे, मी उठून आत जायची. आप्पा मात्र खाटेवरून हात खाली सोडायचे आणि त्याचा कान खाजवून द्यायचे. मग तो गोळा हळूहळू थांबायचा.

आणखी एक सांगते, आणि मग हा विषय सोडते. तीन पायांवर चालणाऱ्या कुत्र्याच्या नखांचा फरशीवर वेगळा आवाज येतो. तीन ठोके आणि मध्ये एक खळगा. त्या पावसाळ्यात दुपारी वह्या तपासत बसलेली असताना मला मागच्या खोलीतून तो आवाज यायचा, आणि कधीकधी त्यात खळगा नसायचा. पूर्ण चार ठोके. मी गणिताची बाई आहे, तीन आणि चार मला वेगळे कळतात. उठून बघितलं तर कुत्रा आप्पांच्या खाटेखाली गाढ झोपलेला. शेजारच्या गल्लीत पॉवरलूम आहेत, त्यांचा आवाज भिंतीतून येतो, तोच असणार.

राजघाटावर तो नेमका त्याच पायरीवर जाऊन बसायचा. आप्पा म्हणायचे, "भेटाले जातो." मी एका रविवारी मुद्दाम बरोबर गेले. तो पाण्याच्या काठाशी उजव्या कुशीवर पडला, कापलेली बाजू पाण्याला लावून, आणि डोळे मिटून घेतले. कुत्र्यांना पाण्याकाठचा गारवा आवडतो. मी आप्पांना तसं म्हणाले आणि पुन्हा कधी बरोबर गेले नाही.

दिवाळीनंतर त्याला खोकला लागला. कोरडा, घशात काही अडकल्यासारखा. इंदूरच्या एक्स-रेत फुप्फुसांवर पांढरे गोल ठिपके होते. मी वेड्यासारखं विचारलं, आता ते ठिपके काढून लस नाही का करता येणार? डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अब वहाँ से निकालना उस पर ज़ुल्म होगा, मैडम."

परतताना असीरगडच्या घाटात मला राहवलं नाही. कुत्रा मागच्या सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये झोपला होता. मी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तो डबा असता तर आज कदाचित हे नसतं."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "मले समजलं व्हतं."

"काय?"

"समदं. डाक्टरीण बोलली ते बी. मी तिच्या तोंडाकडे पाहत व्हतो. लूमवर आम्ही तसंच तर बोलायचो, ओठ पाहून. अन् तू फ्रीजपाशी वरडून सांगितलं ते बी. मी येडा नाही."

आई गेल्यापासून पहिल्यांदा ते कुत्र्याकडे न बघता माझ्याशी बोलत होते. मी विचारलं, "मग का केलंत?"

"तुही माय," ते म्हणाले, आणि थांबले. "शेवटाले म्हणे, मले थंडी वाजते. मे महिनाच व्हता. आठवते का तुले? आपण काय म्हणायचो तिले? अजून एक बाटली घे, मंग बरं वाटीन. ती कुडकुडे अन् आपण म्हणायचो, जराकसं सोस. एकदा तू शाळेत गेली व्हती, तवा ती मले म्हणे, आता बंद करा. तुले नाही म्हणाली, मले म्हणाली. मी ऐकलं नाही. तुले सांगितलं बी नाही." त्यांनी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. "मंग माह्या डोयासमोर पुन्हा तेच. एक जीव कुडकुडून ऱ्हायला, अन् आपण म्हणतो रिपोर्ट येऊ दे. मले दुसऱ्या डावानं नाही झालं."

मला भयंकर राग आला. आईने असं म्हटलं होतं आणि ते मला इतक्या वर्षांनी, घाटातल्या वळणावर कळत होतं, याचा राग. त्यांनी माझ्या कुत्र्याची एकमेव संधी जाणूनबुजून नदीत सोडली, याचा राग. आणि त्यांना समजलं नव्हतं, या विचारावर मी इतके महिने तग धरून होते, तोही त्यांनी काढून घेतला. ते चुकले असं मला अजूनही वाटतं. लस लागू पडली असती की नाही ते कोणाला माहीत, पण ती करून बघायला हवी होती. हे सगळं मला त्यांना सुनवायचं होतं. तेवढ्यात आईचे ते शब्द मला तिच्या आवाजात ऐकू आले, आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं. घरी पोचलो, आणि त्यानंतर आमच्या घरात कोणी कोणाशी बोलेना. निरोप द्यायला कुत्र्याला धाप लागत होती, त्याला कशाला त्रास द्यायचा.

पौषात खरी थंडी पडली तेव्हा तो मुळीच कुडकुडला नाही. नुसता श्वास ओढायचा, मान लांब करून. एका सकाळी त्याने आप्पांनी दिलेल्या पोळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि डोकं खाली ठेवलं. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते मला विचारणार नव्हते, हे मला कळलं. एकदा न विचारता त्यांनी जे केलं होतं, त्याचं ओझं त्यांच्या मानेवर होतं. मग मीच त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आप्पा, आता बंद करू या." त्यांनी मान हलवली. या वेळी ती मान हलवणं मला पुरतं समजलं.

इथल्या डॉक्टरांनी घरी येऊन सुई दिली. आईची शाल त्याच्या अंगावर होती. शेवटच्या मिनिटात त्याची उजवी मांडी हलली, कानाला खाज सुटल्यासारखी, आणि आप्पांनी कान खाजवून दिला. मावसभावाच्या केळीच्या बागेत त्याला पुरलं. आप्पा खड्ड्याकडे बघून म्हणाले, "एक पाय आधी पोचला आहे. वाट चुकणार नाही." मी दुसरीकडे बघत होते. मी अजून त्यांच्याशी बोलत नव्हते, म्हणजे कामापुरतंच बोलत होते. चहा झाला. गोळी घ्या. दार लावा.

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी मी शाळेतून आले. बाहेर ऊन आग ओकत होतं. आप्पा खाटेवर कुशीवर झोपले होते, डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं, आणि त्यांचा हात खाटेखाली लोंबत होता. बोटं हलत होती. हवेत, फरशीपासून जेवढ्या उंचीवर त्याचा कान यायचा तेवढ्याच उंचीवर, बोटं काहीतरी खाजवत होती. थांबत होती, आणि पुन्हा खाजवत होती. खाली कोणी नव्हतं.

एरवी मी तशीच आत गेले असते. पर्स अजून खांद्यालाच होती, ती खाली ठेवली. खाटेपाशी फरशीवर बसले आणि डोकं त्या हाताखाली नेलं. बोटं माझ्या केसांना लागली, जराशी अडखळली, मग कानामागे पोचली आणि खाजवायला लागली. माझं अंग हलायला लागलं. आवाज होऊ नये म्हणून मी पदर तोंडात धरला, पण थरथर थांबेना.

"थंडी वाजून ऱ्हायली का रे?" आप्पांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही, आप्पा," मी म्हणाले. "आता नाही."

बोटं थांबली नाहीत.